स्लीपमध्ये लॅपटॉप कोसळतो? फॉरमॅट मारण्याआधी वाय-फायचा ड्रायव्हर तपासा

झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि अर्ध्या तासाने काढला, तर तो तापलेला, पंखा घरघरतोय आणि स्क्रीन काळी. किंवा रात्री स्लीपवर ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडला, तर उघडी ठेवलेली एकही फाइल जागेवर नाही, विंडोज नव्याने सुरू झालेलं. किंवा डोळ्यांदेखत निळा पडदा आणि त्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' हे शब्द. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे, मजकूर मात्र तसाच येतो.) या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बऱ्याचदा त्यांचं मूळ एकच असतं: संगणक झोपायला निघाला आणि एखादा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, वाटेत अडून बसला. अशा ड्रायव्हरांत वाय-फायचा ड्रायव्हर फार वेळा सापडतो.

दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून देतो." त्याने थोडे दिवस बरं वाटतं. मग विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवतं आणि दुखणं पुन्हा सुरू होतं. तोवर फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट यांतलं काहीतरी गेलेलं असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की आधी दोष कुणाचा ते सिद्ध करा आणि मगच इलाजाला हात घाला. हे घरच्या घरी जमतं, आणि त्यासाठी एक रुपयाचंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

खालचे मार्ग विंडोज १० आणि ११ साठी आहेत. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. बटणांची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत दिली आहेत, पण तुमच्या पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील आणि आज्ञा टाइपही इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

झोपताना नेमकं काय होतं

स्लीपचा हुकूम सुटला की विंडोज प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला निरोप पाठवतं: काम आटप, उपकरणाची वीज कमी कर आणि झालं की कळव. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय संगणक पुरता झोपू शकत नाही. पंगतीत शेवटच्या माणसाचं पान संपेपर्यंत बाकीच्यांना उठता येत नाही, तशातला हा प्रकार. विंडोज ठरावीक वेळ वाट पाहतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर यंत्रणा अर्धवट अवस्थेत लटकत ठेवण्यापेक्षा ती मुद्दाम पाडतं आणि ९एफ हा एरर कोड नोंदवतं. उठतानाही हेच उलट क्रमाने घडतं, म्हणून काही लॅपटॉप झोपतात व्यवस्थित आणि कोसळतात उठताना.

यात वाय-फायच का सापडतं? एक तर वाय-फाय कार्डावर स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, चालू असतं. वीज कमी झाल्यावर ते नीट थांबावं लागतं आणि वीज परतली की पुन्हा भरून सुरू व्हावं लागतं. दुसरं म्हणजे व्हीपीएन, अँटिव्हायरस, व्हर्च्युअल मशीन असली सॉफ्टवेअरं आपापले थर याच ड्रायव्हरच्या डोक्यावर चढवतात, आणि त्यांतला एक थर अडला तरी सगळं अडतं. तिसरं कारण नव्या लॅपटॉपमधल्या झोपेच्या पद्धतीत आहे.

जुन्या लॅपटॉपमध्ये एस३ नावाची गाढ झोप असायची. मेमरीला तेवढी वीज मिळायची, बाकी जवळपास सगळं बंद. विंडोज ८ च्या वेळी, २०१२ मध्ये, 'कनेक्टेड स्टँडबाय' आलं आणि विंडोज १० मध्ये त्याचं 'मॉडर्न स्टँडबाय' झालं. यात लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा राहतो आणि स्क्रीन बंद असतानाही वाय-फायचं कार्ड जोडलेलं राहू शकतं. सोय खरी, पण ड्रायव्हरला रात्रभरात अनेकदा झोप-जाग करावी लागते. कच्च्या ड्रायव्हरचं पितळ तिथेच उघडं पडतं.

तुमच्याकडे कुठली झोप आहे ते आधी पाहून ठेवा, कारण पुढचे काही उपाय त्यावर ठरतात. स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /ए' ही आज्ञा द्या. पॉवर या शब्दाला जोडून सी, एफ, जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. उत्तरात वरच्या यादीत 'स्टँडबाय (एस३)' आलं तर जुनी पद्धत, 'एस० लो पॉवर आयडल' आलं तर नवी. खालची यादी उपलब्ध नसलेल्या पद्धतींची असते. घाईत तीच वाचली जाते, तेवढं सांभाळा.

हात लावण्याआधी

कामाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. आपण वारंवार लॅपटॉप पाडून बघणार आहोत, त्यामुळे अर्धवट सेव्ह केलेली फाइल खराब होण्याची शक्यता असते. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधून एक रिस्टोर पॉइंट करून ठेवा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. अनेक नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपण न सांगताही चालू झालेलं असतं. पुढे बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावल्यावर यंत्राने की मागितली आणि ती तुमच्याकडे नसली, तर ड्रायव्हरचा किरकोळ दोष बाजूला राहतो आणि सगळा डेटाच कुलपात अडकतो. ही पायरी गाळू नका.

पहिला पुरावा: इव्हेंट व्ह्यूअर

स्टार्टवर उजवं क्लिक, 'इव्हेंट व्ह्यूअर', मग 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टिम'. लाल-पिवळ्या नोंदींची ही लांबलचक यादी पाहून घाबरू नका. धडधाकट संगणकातही ती भरलेली असते. आपल्याला फक्त कोसळण्याच्या आसपासच्या काही नोंदी हव्यात.

'कर्नल-पॉवर' ४२ म्हणजे संगणक झोपायला निघाला. १०७ म्हणजे झोपेतून परतला. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रावर त्याऐवजी ५०६ आणि ५०७ दिसतात, अनुक्रमे आत जाण्याची आणि बाहेर येण्याची नोंद. आणि 'कर्नल-पॉवर' ४१ म्हणजे मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ४२ आहे, १०७ नाही आणि थेट ४१ आली, की झोपेच्या वाटेवरच घात झाला.

४१ च्या नोंदीवर डबल क्लिक करून 'डिटेल्स' टॅब उघडा. तिथे 'बगचेककोड' नावाची ओळ आहे. या ओळीत १५९ असेल तर तोच आपला ९एफ. पडद्यावर कोड सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिलेला येतो आणि इथे साध्या दशमान आकड्यांत, एवढाच फरक. तिथे ० असेल तर विंडोजला कोड नोंदवायला सवडच मिळाली नाही. वीज गेली, बॅटरी संपली किंवा तुम्ही कंटाळून पॉवर बटण दाबून धरलंत.

त्या शेवटच्या कारणामुळे बहुतेकांचा पुरावा हातचा जातो. काळी स्क्रीन दिसली की आपण वीस-तीस सेकंदांत बटण दाबून धरतो. विंडोजची वाट पाहण्याची मुदत मात्र काही मिनिटांची असते. ९एफच्या एका प्रकारात ती ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं असल्याचं डंप फाइलमध्येच (कोसळताना विंडोज लिहून ठेवतं ती फाइल) लिहिलेलं सापडतं. तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन काळी राहिली तर चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर मोकळा ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. तो आपणहून पडून पुन्हा सुरू झाला तर कोड मिळेल, डंपही मिळेल.

दुसरा पुरावा: डंप फाइल

कोसळताना विंडोज मेमरीतला छोटा हिस्सा फाइलमध्ये लिहून ठेवतं. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये 'मिनिडंप' फोल्डर पाहा. तो रिकामा असेल किंवा नसेलच, तर स्टार्टमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्मॉल मेमरी डंप' निवडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. सी ड्राइव्हवरची पेज फाइल कधी बंद केली असेल तर ती चालू करा, तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही.

डंप वाचायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'विनडीबीजी' घ्या, फुकट आहे. डंपची प्रत डेस्कटॉपवर आणून त्यात उघडा. थोड्या वेळाने मजकुरात 'अनालाइझ -व्ही' या आज्ञेची लिंक दिसेल, तिच्यावर क्लिक करा. भरपूर मजकूर सरकत जाईल. त्यातल्या दोन जागा बघायच्या. वरती 'अर्ग्युमेंट्स'मध्ये पहिला आकडा ३ असेल तर एखाद्या उपकरणाने निरोप फार वेळ अडवून धरला. ४ असेल तर झोपेच्या कामाला उपकरणं जोडणाऱ्या यंत्रणेशी, म्हणजे प्लग अँड प्लेशी, मेळ घालता आला नाही आणि मुदत संपली. खाली 'इमेज नेम' या ओळीत एका फाइलचं नाव असतं.

नाव 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू'ने सुरू होत असेल आणि पुढे दोन आकडे असतील, तर तो इंटेलचा वाय-फाय ड्रायव्हर. 'आरटीडब्ल्यूलॅन'ने सुरू होणारा रिअलटेकचा, 'क्यूसीएमेन' क्वालकॉमचा, 'बीसीएमडब्ल्यूएल' ब्रॉडकॉमचा. 'आयबीटीयूएसबी' दिसलं तर ते इंटेलचं ब्लूटूथ, आणि ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर असतं.

इथे एक सावधगिरी. 'इमेज नेम'मध्ये पुष्कळदा 'पीसीआय' किंवा 'एनडीआयएस' असं येतं. या दोन्ही विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत. पहिली कार्ड ज्या मार्गावर बसलंय तो मार्ग सांभाळते, दुसरी नेटवर्कचा पाया आहे. दोष क्वचितच त्यांचा असतो, निरोप त्यांच्या दारात अडकलेला सापडला म्हणून नाव त्यांचं लागतं. 'पीसीआय' दिसलं म्हणून मदरबोर्ड गेला असा निष्कर्ष कुणी काढला तर मान्य करू नका. त्याआधी खालचा प्रयोग करा.

निर्णायक प्रयोग

डंप मिळो वा न मिळो, हा प्रयोग सगळ्यांनी करावा. बाकी सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढा करा.

१. स्टार्टवर उजवं क्लिक, 'डिव्हाइस मॅनेजर', त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स'. वाय-फाय किंवा वायरलेस लिहिलेल्या कार्डावर उजवं क्लिक करून 'डिसेबल डिव्हाइस'.

२. लॅपटॉप रीस्टार्ट करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं वेगळं, इथे 'रीस्टार्ट'च हवं. कारण पुढे येईल.

३. एरवी ज्या परिस्थितीत कोसळतो, तशीच परिस्थिती ठेवून झोपवा. एरवी बॅटरीवर, झाकण मिटून, रात्रभर ठेवल्यावर पडत असेल, तर दहा मिनिटांची झोप काहीच सिद्ध करत नाही.

४. नेहमी ज्या गतीने पडतो त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ टिकला, तर कार्ड 'एनेबल' करा, पुन्हा रीस्टार्ट करा आणि दोष परत येतो का ते पाहा.

चौथी पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. वाय-फाय बंद असताना लॅपटॉप पडला नाही, हा अर्धा पुरावा झाला. चालू केल्यावर पुन्हा पडला, की पुरावा पुरा झाला.

नुसता एअरप्लेन मोड लावून हा प्रयोग होत नाही. त्याने कार्डाचा रेडिओ बंद होतो, पण ड्रायव्हर मेमरीत बसलेलाच असतो आणि झोपेचा निरोप त्याला जातोच. कार्ड डिसेबल करून काम चालवायचं तर इंटरनेटसाठी लॅनची केबल किंवा मोबाइलचं यूएसबी टेदरिंग वापरा, पण झोपवण्याआधी तेही काढा, नाहीतर मध्ये आणखी एक ड्रायव्हर येतो.

वाय-फाय डिसेबल असूनही पडला तर 'ब्लूटूथ' या गटातलं मुख्य उपकरण डिसेबल करून हाच प्रयोग करा. तरीही पडत असेल तर वाय-फाय निर्दोष आहे. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एसएसडीचं फर्मवेअर आणि जोडलेली यूएसबी उपकरणं याच पद्धतीने एकेक करून तपासा.

इलाज: आधी फास्ट स्टार्टअप बंद

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे बिघडलेल्या अवस्थेतला ड्रायव्हर आपण रोज रात्री जपून ठेवतो आणि रोज सकाळी परत घेतो. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं. "बंद करून चालू केला तरी तसंच, रीस्टार्ट केला की ठीक" या गूढ तक्रारीचं उत्तर इथे आहे.

कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही लिंक दाबा आणि खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील. एसएसडी असेल तर ते जाणवणारही नाही.

मुख्य इलाज: योग्य ड्रायव्हर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'नवीनात नवीन ड्रायव्हर टाका' हा सरसकट सल्ला मी देणार नाही, कारण अनेकदा नवीन आवृत्तीनेच दुखणं सुरू झालेलं असतं. प्रश्न असा विचारा: हे कधी सुरू झालं, आणि त्याच सुमारास काय बदललं? सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या 'अपडेट हिस्टरी'त 'ड्रायव्हर अपडेट्स' वेगळे दाखवलेले असतात. त्यातली वाय-फायची तारीख आणि इव्हेंट व्ह्यूअरमधली पहिल्या ४१ ची तारीख शेजारी ठेवा. मेळ बसला तर मागे जायचं. दुखणं लॅपटॉप घेतल्यापासूनच असेल किंवा ड्रायव्हर कित्येक वर्षांत बदललाच नसेल, तर पुढे जायचं.

मागे जाण्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर' टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. हे बटण पुसट दिसत असेल तर निराश होऊ नका, दुसरी वाट आहे. 'अपडेट ड्रायव्हर' दाबा, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. याच कार्डासाठी विंडोजकडे साठवलेल्या सगळ्या आवृत्त्या इथे दिसतात. इंटरनेट लागत नाही, काही उतरवावं लागत नाही. सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक आधी लिहून ठेवा, मग वेगळी आवृत्ती निवडा, रीस्टार्ट करा आणि तेवढ्या एका बदलावर पुरेशा झोपा होऊ द्या. यादीत तारखेवर विसंबू नका, आवृत्तीचा क्रमांक पाहा. मायक्रोसॉफ्टने स्वतः पुरवलेल्या पुष्कळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ अशी तारीख असते. ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे, म्हणजे उपकरण बनवणाऱ्याचा ड्रायव्हर आला की तो वरचढ ठरावा.

पुढे जायचं असेल तर पहिली जागा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं संकेतस्थळ, तेही नेमक्या मॉडेल क्रमांकाने शोधून. तुमच्या लॅपटॉपची झोपेची व्यवस्था माहीत असलेल्यांनी तपासलेला ड्रायव्हर तिथे असतो. तिथला फारच जुना असेल तर कार्ड बनवणाऱ्याकडे जा. इंटेल आपले वाय-फाय ड्रायव्हर थेट देतं, रिअलटेक आणि मीडियाटेकच्या कार्डांसाठी मात्र लॅपटॉप कंपनीवरच भिस्त ठेवावी लागते. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअरं यापासून दूर ठेवा. ती भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर बसवतात आणि नंतर काय बदललं तेच कळेनासं होतं.

जुना पुरता काढून नवा घालायचा असेल तर क्रम पाळा. नव्या ड्रायव्हरची फाइल आधी उतरवून डिस्कवर ठेवा, कारण काढल्यावर वाय-फाय नसणार. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत ड्रायव्हर काढून टाकण्याची खूण करा. रीस्टार्ट, नवा ड्रायव्हर, पुन्हा रीस्टार्ट. एवढं करूनही काही दिवसांनी जुनी आवृत्ती परतली तर ते विंडोज अपडेटचं काम. मायक्रोसॉफ्टचं 'शो ऑर हाइड अपडेट्स' हे छोटं साधन मिळालं तर त्यातून नेमकं तेच अपडेट लपवता येतं. ते नसेल तर अपडेट काही आठवडे 'पॉज' करून ठेवा आणि तेवढ्यात आपला ड्रायव्हर टिकतो का ते पाहा.

वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज

ड्रायव्हर बदलून भागलं नाही तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जा. पहिली खूण संगणकाला हे उपकरण वीज वाचवण्यासाठी बंद करू देण्याची असते, ती काढून पाहा. दुसरी खूण या उपकरणाला संगणक जागवू देण्याची, तीही काढा. मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपवर हा टॅबच बहुधा दिसत नाही. तो तुमच्या यंत्राचा दोष नाही.

तसं असेल तर शेजारच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये पाहा. 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' आणि 'वेक ऑन पॅटर्न मॅच' म्हणजे झोपेतही नेटवर्कवरच्या हाकेकडे कान देणं. घरगुती वापरात याची गरज जवळपास नसते, 'डिसेबल्ड' करा. मूळ किमतींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'पीसीआय एक्सप्रेस' खाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' आहे. ते 'ऑफ' केल्याने उठताना कार्ड हरवण्याचा प्रकार कधीकधी थांबतो. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, म्हणून गुण आला नाही तर परत जुन्यावर आणा. नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असू शकतो.

वाय-फाय यूएसबी डोंगलवर असेल तर प्रगत सेटिंग्जमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि डोंगल वेगळ्या पोर्टवर लावून पाहा. डेस्कटॉपला मागच्या पोर्टवर, हबशिवाय.

ड्रायव्हरच्या डोक्यावर बसलेले

ड्रायव्हरच्या सगळ्या आवृत्त्या वापरून झाल्या, प्रयोग मात्र वाय-फायकडेच बोट दाखवतो, अशा वेळी वरचे थर पाहा. माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपचं असंच होतं. दोन दुकानांनी फॉरमॅट आणि मदरबोर्ड असे निकाल दिले होते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये वाय-फायवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर 'आयपी व्हर्जन ४' वगैरे नेहमीच्या ओळींच्या मध्येच एका व्हीपीएन फिल्टरची ओळ होती आणि तिच्यावर खूण होती. जुन्या नोकरीत बसवलेलं व्हीपीएन तिने केव्हाच काढलं होतं, त्याचा हा फिल्टर मात्र मागे राहिला होता. खूण काढली, रीस्टार्ट केला, आणि रात्रीचं कोसळणं थांबलं. मग त्या व्हीपीएनचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवून त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढलं, तेव्हा ती ओळ कायमची गेली.

तुम्हीही ती यादी उघडा. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या ओळींच्या खुणा एकेक करून काढा आणि पाहा. अँटिव्हायरस, व्हर्च्युअलबॉक्स, नेटवर्क तपासणारी साधनं, सगळ्यांचे थर इथे दिसतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटी विभागाला विचारा. तिथले फिल्टर सुरक्षेसाठी बसवलेले असतात.

बायोस आणि कार्ड

झोपेचे नियम विंडोज बायोसकडूनच घेतं, त्यामुळे काही लॅपटॉपवर हा दोष बायोस अपडेटनेच जातो. कंपनीच्या पानावर अपडेटची टीप वाचा, तिथे स्लीप, स्टँडबाय किंवा वायरलेसचा उल्लेख असेल तर जरूर करा. बिटलॉकर आधी 'सस्पेंड' करा, चार्जर लावा, बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा. ज्या भागात वीज जाते-येते तिथे डेस्कटॉपचं बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड दुरुस्तीला न्यावा लागेल.

उठल्यावर कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून पार नाहीसं होत असेल किंवा पिवळ्या खुणेसह 'कोड १०' किंवा 'कोड ४३' दाखवत असेल, आणि दुसऱ्या ड्रायव्हरनेही फरक पडत नसेल, तर कार्डच थकलं असण्याची शक्यता आहे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. असं केल्यावर कार्ड दरवेळी परत येत असेल तर ते अडकत आहे, हे नक्की. ते काढता येण्याजोगं असेल तर साधारण २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.२ कार्ड असतं, एका स्क्रूने धरलेलं, वर अँटेनाच्या दोन बारीक तारा. ते बदलणं मदरबोर्डच्या तुलनेत फारच स्वस्त. नवं घेताना मात्र नीट पाहा: इंटेलचं एएक्स२०१ आणि त्याच्यासारखी कार्डं फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती दिसणारही नाहीत. एएक्स२१० साधं पीसीआय एक्सप्रेस कार्ड असल्याने दोन्हीकडे चालू शकतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये वाय-फाय बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. तिथे छोटा यूएसबी डोंगल घेऊन मूळ कार्ड बायोसमधून बंद करणं हाच व्यवहार्य मार्ग.

लिनक्सवर असाल तर

पद्धत तीच. कोसळल्यानंतर 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मागच्या बूटची नोंद पाहा आणि शेवटच्या ओळी वाचा. 'आयडब्ल्यूएलवायफाय' म्हणजे इंटेल, 'एटीएच'ने सुरू होणारे क्वालकॉम, 'आरटीडब्ल्यू८८' किंवा 'आरटीडब्ल्यू८९' म्हणजे रिअलटेक. निर्णायक प्रयोग इथे आणखी सोपा आहे: झोपण्याआधी 'मॉडप्रोब -आर' ने ते मॉड्यूल उतरवा, उठल्यावर पुन्हा चढवा. त्याने कोसळणं थांबलं तर सिस्टिमडीच्या 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमध्ये हेच काम करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. तिला झोपताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' असा शब्द मिळतो. पण आधी कर्नल आणि लिनक्स-फर्मवेअर हे दोन्ही पॅकेज अद्ययावत करा, नव्या कार्डांच्या बाबतीत बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

तोपर्यंत काम कसं चालवायचं

वरच्या प्रत्येक बदलानंतर एक-दोन रात्री थांबायचं तर आठवडा-दोन आठवडे सहज जातात. या काळात झाकण मिटल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' लावा. ती सेटिंग पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' इथे आहे. त्यात हायबरनेट दिसत नसेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन' द्या. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो, त्यामुळे बॅगेत तापण्याचा धोका टळतो. ड्रायव्हरला थांबण्याचा निरोप तेव्हाही जातो, म्हणून काही यंत्रं हायबरनेट होतानाही पडतात. तुमचं तसं असेल तर बाहेर पडण्याआधी सरळ शट डाउन करा.

वही काढून तारीख, काय बदललं, बॅटरीवर की चार्जरवर, किती वेळ झोपला आणि पडला की नाही, एवढं दर वेळी लिहा. लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि सर्व्हिस सेंटरला नेण्याची वेळ आलीच, तर ही वही, मिनिडंपच्या फाइली आणि ४१ च्या नोंदीचा फोटो काउंटरवर ठेवा, आणि जॉबशीटवर 'स्लीप प्रॉब्लेम' एवढंच न लिहिता 'वाय-फाय कार्ड डिसेबल केल्यावर दोष थांबतो, एनेबल केल्यावर परत येतो' असं लिहून घ्या.